कुठे पडलात, ते आधी सांगा

तिची वेणी घालणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील. सुमनने डोकं धुतलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जायचं होतं. ती खुर्चीवर बसलेली, मी मागे उभा. तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं शिकागोच्या गोदामात चेपलेली, ती वळत नाहीत. दोघांचे मिळून दोन धड हात. त्यातून वेणी व्हायची ती दोरखंडासारखी. ती म्हणायची, "अहो, केस आहेत हे, ट्रकची ताडपत्री नाही बांधायची." तीन वर्षं रोज ऐकलं. त्या दिवशीही ऐकलं.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी मला फोन करून सांगितलं की काका, तुमच्या कामाबद्दल लिहा, लोकांना माहिती होईल. मी सातवी शिकलेला माणूस. कराडला ट्रकच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली. थोरला भाऊ इंजिनियर, तो इकडे आधी आला, त्याने आमचे कागद केले, म्हणून पन्नाशीत मी अमेरिकेत उतरलो. या अंकात डॉक्टर, इंजिनियर लोक लिहितात. मी काय लिहिणार? पण बाई चिकट आहेत. त्यांनी चार वेळा फोन केला. आता लिहायला बसलोय तर बसवत नाही. एवढं लिहिलं त्यात दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आलो.

काम काय ते सांगतो. इथे कामावर माणसाला इजा झाली तर मालकाच्या विम्यातून त्याचं औषधपाणी होतं आणि बुडालेल्या पगारातला काही भाग मिळतो. चूक कोणाची ते बघत नाहीत. याला कॉम्प म्हणतात. आपल्या लोकांना वाटतं, अमेरिका एक देश म्हणजे कायदा एक. तसं नाही. पन्नास राज्यं, पन्नास तऱ्हा. एका राज्यात डॉक्टर तुम्ही निवडायचा, दुसऱ्यात मालक सांगेल त्याच्याकडे जायचं. नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात मालकाने भिंतीवर डॉक्टरांची यादी लावली असेल तर पहिले नव्वद दिवस त्या यादीतलाच डॉक्टर. टेक्सासमध्ये तर मालकाला वाटलं तर तो कॉम्प घेतच नाही. नदीचा पूल ओलांडला की नियम बदलला. पायाचं हाड मात्र दोन्हीकडे सारखंच मोडतं.

मी इथे न्यू जर्सीत, एडिसनजवळ एका वकीलबाईंच्या ऑफिसात दुभाषा होतो. मराठी, हिंदी आणि गोदामात शिकलेली गुजराती. लोक यायचे, मी पहिला प्रश्न विचारायचो, कुठे पडलात? आधी राज्य सांगा, मग गाव, मग जागा. हात कसा मोडला ते नंतर. लोक चिडायचे. एक मावशी म्हणाल्या, "मेला हात लोंबतोय माझा, आणि हा भूगोल विचारतोय."

दुभाष्याचा नियम एकच. बोललं तेवढंच सांगायचं. वाढवायचं नाही, गाळायचं नाही, सुधारायचं नाही. माणसाने शिवी दिली तर शिवी सांगायची. एकदा ऑफिसात जबानी चालली होती. आमचा एक माणूस विमा कंपनीच्या वकिलाला मराठीत नको ते बोलला. मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. वकील लाल झाला. आमचा माणूस माझ्या कानात म्हणतो, "काका, ते तुम्हाला सांगितलं होतं, त्याला नाही." मी तेही इंग्रजीत सांगितलं. वकीलबाई टेबलाखाली बघून हसत होत्या. पुढे त्या सगळ्यांना सांगायच्या, हा माणूस एक शब्द बदलत नाही. मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना वाटायचं, विनय.

दोन केसेस सांगतो, म्हणजे राज्याराज्याचा फरक कळेल.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागे मी किराण्याच्या गोदामात होतो, तेव्हाचा माझा सोबती गणपत. मी एडिसनला आल्यावर एक दिवस त्याचा फोन. तो ट्रक घेऊन शेजारच्या राज्यात, इंडियानात गेला होता, माल उतरवताना फळी सरकली, गुडघा गेला. मालक म्हणतो, इंडियानात पडलास, इंडियानाचा कायदा, मी सांगेन तो डॉक्टर. तो डॉक्टर म्हणतो, बर्फ लाव. मी विचारलं, तुला कामावर ठेवलं कुठे? म्हणजे सोमवारपासून ये, असं तुला म्हणाले आणि तू हो म्हणालास, ते कुठे?

"कुठे म्हणजे? डेव्हनवर. पानाच्या दुकानासमोर, त्याच्या गाडीत बसून."

शिकागो ज्या राज्यात येतं त्या इलिनॉयमध्ये असं आहे की कामाचा सौदा तिथे ठरला असेल तर माणूस दुसऱ्या राज्यात पडला तरी इलिनॉयचा दावा करता येतो, आणि तिथे डॉक्टर आपण निवडायचा. पण पुरावा काय? पानाच्या दुकानासमोर हो म्हटल्याला कागद कुठला? मालक तर म्हणायला लागला की ठरलं ते इंडियानातच. गणपत दोन दिवस डोकं धरून बसला. तिसऱ्या दिवशी फोन आला तो हसतच. म्हणाला, "अरे, त्या दिवशी गाडी बसस्टॉपवर लावली होती त्याने. पोलिसाने तिकीट फाडलं. तो एवढा चिडला की तिकीट माझ्या अंगावर फेकलं, म्हणाला तुझ्यामुळे दंड बसला. ते मी ठेवलंय." त्यावर तारीख, वेळ, रस्ता, गाडीचा नंबर, सगळं होतं. तिकडच्या वकिलाने ते तिकीट फाइलला लावलं. गुडघ्याचं ऑपरेशन गणपतच्या पसंतीच्या डॉक्टरने केलं. मी आयुष्यात पोलिसाला दुवा दिला तो एवढाच.

दुसरी केस बेलव्ह्यूच्या मुलाची. नागपूरचा, कंप्युटरवाला, व्हिसावर आलेला. मंडळाच्या कोणीतरी माझा नंबर दिला. त्याचं मनगट एवढं दुखायचं की दार उघडता येत नव्हतं. तो म्हणाला, काका, पण माझा ॲक्सिडेंट नाही झाला हो, मी फक्त टाइप करतो. मी म्हटलं, हात कशाने दुखतो? म्हणे, टाइप करून. टाइप कोणासाठी करतोस? कंपनीसाठी. मग झालं की. त्याच्या वॉशिंग्टन राज्यात बाहेरच्या विमा कंपन्या नाहीत, काही मोठ्या कंपन्या सोडल्या तर राज्य सरकारच विमा चालवतं. डॉक्टरकडे जायचं, कामामुळे दुखतंय सांगायचं, फॉर्म तोच भरतो. त्या मुलाला घाम फुटला. म्हणाला, मॅनेजरला कळलं तर व्हिसा जाईल, मी सांगतो की क्रिकेट खेळताना झालं. मी फोनवर ओरडलो. म्हटलं, पहिल्या दिवशी डॉक्टरला जे सांगशील तीच तुझी केस. नंतर देव आला तरी तो कागद बदलत नाही. तो घाबरला, खरं सांगून आला, आणि त्याचा व्हिसा कुठे गेला नाही. पण तो म्हणाला, काका, तुम्ही एवढे का चिडलात? त्याला सांगितलं नाही. इथे सांगतो.

शिकागोत माझी बोटं चेपली ती २००१ साली. डेव्हनवरच्या एका मराठी डॉक्टरांना मी ओळखत होतो. सरळ त्यांच्याकडे गेलो, त्यांनी हात बघितला, कागद नंतर होत राहिले. सगळं मिळालं. तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आधी आपला डॉक्टर, मग कागद. मी स्वतःला या विषयातला शहाणा समजायला लागलो. ओझं उचलता येईना म्हणून दादाने एडिसनला बोलावून घेतलं. त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहिलो. आम्हाला मूल नाही. सुमन म्हणाली, घरी बसून काय करू? मग ओक ट्री रोडच्या मागे मोहनच्या फरसाणाच्या किचनमध्ये आम्ही दोघं लागलो. ती चकल्या, शेव तळायची. मी व्हॅन घेऊन दुकानांना माल पोचवायचो.

मोहन इचलकरंजीचा, आमच्याहून वीस वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणतो. सुमनला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीला तिने मोहनला ओवाळलं. तेव्हापासून ती त्याची ताई, मी दाजी. जेवायला आला की स्वयंपाकघरात उभा राहूनच खायचा, आणि सुमन त्याला पातेल्यातून वाढायची.

२००४ च्या दिवाळीआधी ऑर्डरी एवढ्या होत्या की भट्टी दिवसभर बंद होत नव्हती. खाली तेल सांडलं होतं. सुमन झारा घेऊन वळली आणि उजव्या खांद्यावर पडली. मी तेव्हा माल देऊन परत आलो होतो, दारातच होतो. मोहनने तिला उचललं, स्वतः गाडीत बसवलं. गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाला, "ताई, कॉम्पचं नाव निघालं तर विमेवाले येऊन भट्टी बंद करतील. दिवाळी तोंडावर आहे. डॉक्टरचं मी बघतो, फक्त नाव नका घेऊ." सुमन दुखण्याने पांढरी पडली होती. तिने मान हलवली की नाही, मला आठवत नाही.

मी तिला इथल्या एका मराठी डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये नेलं. माझा शिकागोचा नियम, आधी आपला डॉक्टर. न्यू जर्सीत उलटं आहे, डॉक्टर मालकाची विमा कंपनी ठरवते. आपल्या मनाने गेलात तर तुमचं तुम्ही. हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, शिकागोला चाललं ते इथेही चालणार. टेबलापाशी एक गोरी मुलगी बसली होती. तिने विचारलं, काय झालं? मी सुमनला मराठीत विचारलं. सुमन म्हणाली, "भट्टीपाशी पडले. तेल होतं खाली."

मी त्या मुलीला सांगितलं, होम. फॉल ॲट होम.

दुभाषा म्हणून ते माझं पहिलं काम. सुमनला इंग्रजी येत नव्हतं, पण होम कळत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, असू दे, नंतर बघू. मोहनची भीड, दिवाळीची घाई आणि माझा अर्धवट शहाणपणा, सगळं त्या एका शब्दात गेलं. मुलीने ते लिहून घेतलं. आत डॉक्टरांनी तोच कागद वाचून खांदा बघितला, कुठे पडलात ते पुन्हा विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी भाऊबीज. मोहन पाटावर बसला. सुमनचा उजवा हात वर जाईना, आणि डाव्या हाताने कोणी ओवाळत नाही. मग मी मागे उभा राहून तिचं कोपर धरलं, ताट तिच्या हातात, हात माझ्या हातात, अशी आम्ही ओवाळणी केली. मोहन पूर्ण वेळ निरांजनाकडे बघत होता. जाताना म्हणाला, ताई, बरं होईल हळूहळू. झालं नाही. खांद्यातला स्नायू फाटला होता. ऑपरेशन पाहिजे होतं, आणि आमच्याकडे तब्येतीचा विमा नव्हता. डॉक्टरांनी ओळखीखातर गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं. मोहनने दोन वेळा डॉक्टरचं बिल भरलं, मग त्याचा फोन लागेना. आम्ही ते काम सोडलं.

पुढच्या वर्षी मी किचनमधल्या दुसऱ्या एका बाईबरोबर त्या वकीलबाईंकडे गेलो, तिचं बोलणं सांगायला. बाईंना माझं काम आवडलं आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. तिथे बसून मला न्यू जर्सीचा कायदा कळत गेला. रोज एक नियम कळायचा आणि रोज संध्याकाळी घरी सुमनचा हात दिसायचा. दावा करायला इथे दोन वर्षांची मुदत. ती संपायला तीन आठवडे राहिले तेव्हा मी बाईंना सुमनबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं, एक सोडून. म्हटलं, क्लिनिकच्या मुलीने चुकीचं ऐकलं, कागदावर होम पडलं.

विमा कंपनीने दावा नाकारला. कागदावर घरी पडल्याचं आहे, आणि मोहनने लिहून दिलं की मी बघितलं नाही. ज्याने तिला उचललं त्याने. सुमनला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगा घाबरला असेल." पुढच्या दिवाळीला ती ताट तयार करून बसली. तो आला नाही, मिठाईचा पुडा पाठवला.

आता केस सुमनच्या जबानीवर होती. जजसमोर शपथ घेऊन तिने सांगायचं की मी काय बोलले आणि कागदावर काय आलं. कोर्टात दुभाषा कोर्टाचा असतो, नवऱ्याला तिथे तिचं बोलणं सांगता येत नाही, आणि नवऱ्याच्या साक्षीला वजन नाही. बाईंनी तिला तयार करायला ऑफिसात बोलावलं. त्यांनी विचारलं, क्लिनिकमध्ये मुलीने चुकीचं ऐकलं ना? मी मराठीत विचारलं. सुमनने पदर खांद्यावर ओढून घेतला. बाईंनी पुन्हा विचारलं. सुमन मला म्हणाली, "त्यांना सांगा, मला बरं वाटत नाही." मी तेवढंच सांगितलं. एक शब्द बदलला नाही.

असं दोन तारखांना झालं. तारीख आली की हिचं डोकं दुखायचं. मला राग यायचा. एकदा मी ताट सरकवून उठलो. म्हटलं, तुझ्या खांद्यासाठी मी रक्त आटवतोय आणि तू तोंड उघडत नाहीस. तिने ताट उचलून ठेवलं. मला वाटायचं, हिची मोहनवरची माया सुटत नाही.

त्या रविवारी वेणी घालताना मी पुन्हा तोच विषय काढला. कोर्टाची तिसरी तारीख, बाई म्हणाल्या होत्या की या वेळी जबानी झाली नाही तर केस हातची जाईल. मी तिला म्हटलं, उद्या मोहनची काळजी करू नकोस.

ती म्हणाली, "मोहनचं कुठे घेऊन बसलात? मला शपथ घालणार. खोटं मी बोलणार नाही. मुलीने नीट ऐकलं होतं, चुकीचं सांगितलं ते तुम्ही. ते सांगितलं की तुमचं काम गेलं. दुसऱ्याचं बोलणं बदलणारा दुभाषा कोण ठेवेल? तुम्हाला या देशात पहिल्यांदा कोणी मान दिलाय."

माझ्या हातात तिचे तीन पेड तसेच राहिले. तीन वर्षं तो हात तिने माझ्यासाठी दुखवत ठेवला होता. आणि मी तिच्यावर ओरडत होतो.

मी म्हटलं, काम गेलं तर व्हॅन चालवीन. तू खरं सांग. तिने मान जरा पुढे घेतली. मग म्हणाली, "घट्ट ओढू नका." आणि थोड्या वेळाने, "सांगते."

वेणी झाली. ती आतल्या खोलीत कोर्टात नेसायची साडी काढायला गेली. मी फणीतले केस काढत होतो. आतून काही पडल्याचा आवाज आला. ॲम्ब्युलन्स आठ मिनिटांत आली. हॉस्पिटलात त्यांनी अर्धा तास प्रयत्न केले. हृदय बंद पडलं, म्हणाले. खांद्याचा संबंध नाही, असंही म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

सुमनची बातमी रात्रीपर्यंत सगळीकडे गेली. सकाळी दादा वरून खाली आला तेव्हा मी कोट घालून बुटाची नाडी बांधत होतो. दादा म्हणाला, अरे, फ्युनरल होमला अकरा वाजता जायचंय. मी म्हटलं, साडेनऊला कोर्टात सुमनची तारीख आहे. तो म्हणाला, वेडा झालास का, लोक काय म्हणतील, मी वकिलाला फोन करतो. मी म्हटलं, तू गाडीची किल्ली दे.

बाई मला बघून दारातच थांबल्या. त्यांना दादाचा फोन गेला होता. त्यांनी माझा हात धरला, घरी जा म्हणाल्या. मी मागच्या बाकावर बसलो. पुढे, विमा कंपनीच्या वकिलाशेजारी, मोहन बसला होता. त्याला साक्षीला बोलावलं होतं. मांडीवर कापडाची पिशवी. त्याने मागे वळून बघितलं नाही.

सुमनचं नाव पुकारलं. ते नाव ते लोक धड उच्चारत नाहीत, पण मला कळलं. बाई उभ्या राहिल्या, काल दावेदार वारल्या असं सांगितलं. जज म्हातारे होते, त्यांनी चष्मा काढला, वाईट वाटलं म्हणाले. पुढची केस घेणार तेवढ्यात मी उभा राहिलो. बाईंनी हाताने खाली बसा अशी खूण केली. मी बसलो नाही. जज म्हणाले, तुम्हाला काही बोलायचंय?

मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोललो. म्हटलं, मी दुभाषा. माझ्या बायकोने क्लिनिकमध्ये मला सांगितलं, भट्टीपाशी पडले, खाली तेल होतं. मी त्या मुलीला होम सांगितलं. मुलीने बरोबर ऐकलं. बायको बरोबर बोलली. चूक माझी. आज ती स्वतः सांगणार होती. ती नाही, म्हणून मी सांगतो. भट्टीपाशी पडले. तेल होतं खाली.

जज हळू आवाजात म्हणाले की हे शपथेवर नाही, याची नोंद पुरावा म्हणून घेता येणार नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. पण कोपऱ्यात टाइप करणाऱ्या बाई असतात, जे बोललं जाईल ते टाइप करतात. त्यांची बोटं चालू होती. मी नीट बघितलं, थांबली नव्हती.

वकीलबाईंनी बाहेर येऊन मला फार काही म्हटलं नाही. म्हणाल्या, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. मी म्हटलं, होय. माझा डबा आणि चष्म्याचं घर त्यांच्या ऑफिसात आहे, ते आणायला मी अजून गेलेलो नाही.

पार्किंगमध्ये गाडीपाशी मोहन उभा होता. डोळे सुजलेले. त्याने पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. आत हिरवी साडी होती. आपल्यात सवाष्ण बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते. तिचं माहेर तोच होता, दुसरं कोणी नाही.

म्हणाला, "दाजी, घ्याल ना?"

मी हात पुढे केला नाही. त्याला तोच प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारत आलो. म्हटलं, मोहन, ताई कुठे पडली?

 दोन गाड्या निघून गेल्या. मग म्हणाला, "किचनमध्ये, दाजी. भट्टीपाशी. मी उचललं तिला."

मी पिशवी घेतली. पुढचं दार उघडून त्याला म्हटलं, बस, अकराला पोचायचंय.